जळगावला जाऊन येण्याचा एक तास

धुळ्याहून जळगावला विमानाने किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, जायला का यायला? माणूस गोंधळतो. वाट तीच, विमान तेच, मग जाणं वेगळं आणि येणं वेगळं कसं? त्याचा तो चेहरा मला फार आवडतो. तसाच चेहरा मी एकदा स्वतःचा पाहिला आहे, तोही निवृत्तीला जेमतेम चार महिने उरलेले असताना.

मी धुळ्याच्या धावपट्टीवर विमान उडवायला शिकवणाऱ्या एका शाळेत नोकरी केली. माझ्या नाती मैत्रिणींना सांगतात, आमची आजी विमानात होती. लगेच मैत्रिणी मला हवाईसुंदरी समजून वरपासून खालपर्यंत न्याहाळतात. बायांनो, त्या शब्दाच्या दोन्ही अर्ध्यांत मी नापास झाले असते. माझं काम जमिनीवरचं. कोणतं विमान केव्हा निघालं, कोण घेऊन गेलं, कुठे गेलं, किती वाजता परत आलं, हे रजिस्टरात टिपायचं. थोडक्यात, वर गेलेलं सगळं खाली आलं का, ते पाहायची नोकरी. सगळे मला अक्का म्हणत. शिकाऊ मुलं म्हणत, शिकवणारे साहेब म्हणत, आणि माझ्याहून मोठे असलेले, विमानं दुरुस्त करणारे नाना मिस्त्रीही म्हणत.

नोकरीला लागले तेव्हाची मी तुम्ही पाहायला हवी होती. पारोळ्याची मुलगी, शाळेत गणितात पहिली, आणि ते पहिलेपण कपाळावर कुंकवाच्या खाली लावूनच फिरायची. पहिल्याच दिवशी तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, "जळगावला किती वेळ धराल?" मी एस.टी.चा विचार करून ताठ मानेने सांगितलं, "अडीच तास." साहेबांनी चष्मा काढला. ते काही बोलायच्या आत मी पुढे विचारलं, "पारोळ्याला थांबा आहे ना?" मला वाटलं, माहेर वाटेतच आहे तर शनिवारी उतरता येईल. साहेब उठून बाहेर गेले. ते हसायला गेले होते हे मला नानांनी वर्षभराने सांगितलं.

पण त्यात माझा एकटीचाच मूर्खपणा होता असं नाही. विमान म्हटलं की शहाण्या माणसांचाही हिशेब सुटतो. एकदा जळगावहून केळीच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. मुलाचं लग्न धुळ्यात, आणि नवरदेव विमानातून उतरवायचा होता. मी सांगितलं, ही शाळा आहे, भाड्याने विमान देत नाही. तरी ते सोडेनात. मग मी त्यांना फोनवरच हिशेब मांडून दिला. तुमच्या घरापासून जळगावच्या विमानतळापर्यंत जा, तिथे तपासणी, वाट पाहणं, मग अर्धा तास हवेत, मग आमच्या धावपट्टीपासून गावात मांडवापर्यंत पुन्हा गाडी. तेवढ्या वेळात तुमचे वऱ्हाडी गाडीने येऊन, चहा पिऊन, रुसूनसुद्धा झाले असतील. त्यांनी हिशेब शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाले, "अक्का, मंग वरून नुसत्या अक्षता तरी टाकता येतीन का?"

आता हा अर्धा तास कुठून आला ते सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. धुळे ते जळगाव रस्त्याने शंभरेक किलोमीटर. हवेतून सरळ गेलं तर नव्वदच्या वर थोडे. विमानवाले मात्र किलोमीटर बोलत नाहीत, सागरी मैल बोलतात. समुद्र बघायचा तर आम्हा खानदेशच्या माणसांना सुरतेच्याही पुढे जावं लागतं, पण मैल आमचे सागरी. असे ते पन्नास मैल. आमची शिकवण्याची छोटी विमानं तासाला शंभर मैल चालायची. म्हणजे अर्धा तास जायला, अर्धा तास यायला. जळगावला उतरायचं नाही, तिथल्या विमानतळाच्या डोक्यावरून वळायचं आणि परत यायचं. शिकाऊ मुलांची ही पहिली लांबची परीक्षा. आमच्या पट्टीच्या डोक्यावरून निघाले की रेडिओवर सांगायचे, परत डोक्यावर आले की सांगायचे. दोन्ही वेळा मी घड्याळ पाहून टिपायची.

साहेबांनी मला सगळ्या वाटांच्या वेळांचा फलक करायला सांगितला. ते म्हणाले, वारा धरा. खानदेशात उन्हाळा चढला की पश्चिमेचा वारा सुटतो, तो पाऊस बसेपर्यंत थांबत नाही. साक्रीकडच्या पवनचक्क्या काय उगाच नाहीत. धुळ्याहून जळगाव पूर्वेला. म्हणजे जाताना वारा पाठीत, येताना तोंडावर. गणितात पहिली आलेल्या बाईने अर्धं मिनिटही विचार केला नाही. जाताना वारा जेवढं ढकलेल तेवढंच येताना अडवेल, फिटंफिट. वारा कितीही असो, जाऊन येण्याचा एक तास. मी सुरेख अक्षरात लिहिलं: धुळे, जळगाव, धुळे, एक तास. साहेब घाईत होते, त्यांनी सही केली. फलक भिंतीवर चढला.

आणि चढला तो चढलाच. साहेब बदलले, विमानं बदलली, माझ्या डोक्यावरचे केस बदलले, फलक तिथेच. दर दोन-तीन वर्षांनी मी त्याची अक्षरं नव्याने रंगवायची. दसऱ्याला आम्ही विमानांना झेंडूचे हार घालायचो, पंख्याला हळदकुंकू लावायचो, नारळ फोडायचो. फलकालाही एक हार असायचा. तो मी स्वतः घालायची, आणि दोन पावलं मागे सरून बघायची.

त्या फलकाला लागून एक नियम होता. एक तासाला तीन मिनिटं माफ. त्याहून उशीर झाला की रजिस्टरात लाल पेनने 'उशीर' लिहायचं. तीन लाल झाले की त्या शिकाऊचं उडणं थांबवून मुख्य शिक्षकांसमोर विषय न्यायचा. नियम वाईट नव्हता. हवेत उशीर झाला याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो, वाट चुकली. आणि वाट चुकलेल्या विमानात पेट्रोल मोजकंच असतं. रस्त्यावर चुकलात तर पानटपरीवर विचारता येतं, वर कुणाला विचारणार?

वैशाली आमच्याकडे आली ती यावल तालुक्यातून. घरची केळीची बाग. अंगाने किडकिडीत, बोलायला कमी, आणि बोलली तर खाली बघून. तिचे वडील तिला सोडायला आले तेव्हा मला म्हणाले, "अक्का, हिला उंचावर भ्या वाटत नाही. नारळावर चढते. बाकी काही माहीत नाही आम्हाले." तिने बाकीचं सगळं छान केलं. उडणं, उतरणं, लेखी परीक्षा. राहिला होता जळगावचा फेरा. दोनदा शिक्षकाला बरोबर घेऊन, एकदा आणखी तपासणीचा, आणि मग एकटीने. मे महिना उजाडला आणि तिचे तिन्ही फेरे लाल झाले. पहिल्यांदा चार मिनिटं उशीर, मग पाच, मग पुन्हा पाच. तिन्ही वेळा शिक्षकांनी लिहिलं होतं, वाट चुकली नाही. पण तीन लाल ते तीन लाल.

आमचे मुख्य शिक्षक तेव्हा कॅप्टन साहेब म्हणून होते. फौजेतून आलेले. मिशी भरपूर, बोलणं मोजकं. त्यांनी मला सांगितलं, "सोमवारी तिच्या वडलांना बोलवा. मुलगी चांगली आहे, पण हवेत वेळ सांभाळता येत नाही. तिला खोटी आशा लावण्यात अर्थ नाही."

मी वैशालीला हे सांगायला गेले तर ती ऑफिसच्या मागे बाकावर वही घेऊन बसलेली. रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"अक्का, एवढं बघता का?" ती म्हणाली. "मी कुठी चुकू राहिली ते मला सापडत नाही."

ती चिडली की तिचं शाळेतलं मराठी सुटायचं आणि घरचं बोलणं यायचं. मी चष्मा लावला. गणित बघायला मला कुणी बोलावलं की आतली पारोळ्याची पहिली लगेच वेण्या सावरून बसते.

वहीत तिने लिहिलं होतं. वारा तासाला वीस मैलांचा धरू. जाताना शंभर अधिक वीस, एकशेवीसचा वेग. पन्नास मैलांना पंचवीस मिनिटं. येताना शंभर उणे वीस, ऐंशीचा वेग. पन्नास मैलांना साडेसदतीस मिनिटं.

"मग?" मी म्हटलं. "बरोबर आहे की."

"बेरीज करा, अक्का."

मी केली. साडेबासष्ट. पुन्हा केली. वारा जाताना पाच मिनिटं वाचवत होता आणि येताना साडेसात घेत होता.

"असं कसं?" मी म्हटलं. "फिटंफिट व्हायला पाहिजे."

"नाही होत. येताना विमान हळू असतं ना, मग ते वाऱ्यात जास्त वेळ राहतं. वारा त्याला जास्त वेळ अडवतो. वाऱ्याचा जोर वाढला की हे आणखी वाढतं." तिने पान उलटलं. "तीसचा वारा असला तर सहासष्ट मिनिटं. मी कितीबी नीट उडवलं तरी एका तासात कशी येऊ? मला वाटलं, मला काहीतरी कळत नाही. बोर्डावर तर एक तास लिहिलेलं आहे. बोर्ड काय चुकीचा असणार?"

मी तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि पन्नासला सत्तरने भागत बसले. त्रेचाळीस मिनिटं. जायची तेवीस धरून सहासष्टच. वीसच्या वाऱ्यात अडीच मिनिटांचा फरक पडतो, आणि आम्ही तीन माफ करायचो. म्हणून साध्या दिवसात माझी चूक त्या तीन मिनिटांच्या पदराखाली झाकून राहायची. जोराच्या वाऱ्यात उघडी पडायची, पण तेव्हा आम्ही मुलांना लाल करायचो. इतकी वर्षं आम्ही झेंडूचे हार घालून जी पुजली ती चूक होती, आणि तिचं अक्षर फार सुरेख होतं.

एकच गोष्ट बसत नव्हती. बाकीची मुलं त्याच मे महिन्यात, त्याच वाऱ्यात वेळेवर येत होती. कशी?

मी नाना मिस्त्रींकडे गेले. ते एका विमानाचं झाकण उघडून आत डोकं घालून होते. माझी शंका ऐकून डोकं बाहेर न काढताच त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "अक्का, मे-जूनमा जळगावना फेरानी बठ्ठी इमानं तहानी येतस. पेट्रोल जास्त पेतस. मी कितला साल सांगी राहिनू, कोणी आयकस का? एक त्या वैशालीनं इमान तेवढं मापमा पेस."

बठ्ठी म्हणजे सगळी विमानं तहानलेली येतात, वैशालीचं तेवढं मापात पितं, तेव्हा मला सगळं कळलं. मुलं येताना घड्याळ बघायची, फलक आठवायची, आणि इंजिन पळवायची. शिकवताना वेग ठरवून दिलेला असतो, तो सोडायचा नसतो. तो सोडला की पेट्रोल जास्त जातं, आणि पेट्रोलचा हिशेब चुकला की काय होतं ते मी वर सांगितलंच आहे. वैशाली एकटी सांगितल्याप्रमाणे शंभरवर ठेवून येत होती. जी प्रामाणिक होती तिला आम्ही लाल करत होतो.

आता मला कॅप्टन साहेबांपुढे जायचं होतं. खरं सांगते, दारात मी थांबले. निवृत्तीचा समारंभ ठरत होता. 'अक्कांची अचूकता' असं भाषणाचं शीर्षकही कुणीतरी माझ्या कानावर घातलं होतं. एक मन म्हणालं, चार महिने थांब, जाताना हळूच फलक रंगवून जा. पण सोमवार चार महिने थांबणार नव्हता. शुक्रवार होता.

"साहेब, वेळेचा फलक चुकीचा आहे. जळगावची ओळ."

"मी यायच्या आधीपासून लटकतोय तो."

"चूक म्हणजे केळी नाही, साहेब. ठेवून पिकत नाही."

त्यांनी मान वर केली. "कुणी केलाय तो?"

"पारोळ्याची एक मुलगी होती. दोन वेण्या, पावडर, आणि डोक्यात हवा. गणितात पहिली आली होती म्हणे. तिने विचार न करता लिहिला."

"कुठे असते ती?"

"तुमच्या पुढे उभी आहे. वेण्या तेवढ्या गेल्या."

साहेब हसले नाहीत. वहीवरचं गणित त्यांनी दोन मिनिटं बघितलं. ते त्यांना नवीन नव्हतं, वैमानिकच ते. पण कुठल्याही मोठ्या माणसासारखा त्यांचाही फलकावर विश्वास होता, कारण तो त्यांनी कधी वाचलाच नव्हता. लाल शेरे माझ्याकडून त्यांच्याकडे जायचे, आणि त्यावर ते निर्णय घ्यायचे.

"गणित ठीक आहे," ते म्हणाले. "पण बाकीची मुलं त्याच वाऱ्यात वेळेत येतात. मग?"

मी नानांचं म्हणणं सांगितलं.

"नाना मिस्त्रींच्या विमानांना तहान लागते म्हणून मी नियम बदलू?"

"नका बदलू. उद्या तुम्हीच जाऊन या. शंभरवर ठेवून. वैशाली निघायच्या आधी वेळ लिहून पाकिटात ठेवेल. फलकाप्रमाणे तुम्ही एका तासात आलात तर सोमवारी तिच्या वडलांना मी स्वतः सांगते."

"आणि नाही आलो तर?"

"तर तुमच्या नावापुढे लाल पेन."

मिशी थोडी हलली. "वेळ कोण टिपणार? तुम्ही खाली, मी वर. तुम्ही म्हणाल मी इंजिन पळवलं."

"म्हणेनच," मी म्हटलं. "म्हणून मीही येते."

हे बोलले आणि मग मला आठवलं की आपण आजवर एकदाही विमानात बसलेलो नाही. कुणी विचारलं तर मी ऐटीत सांगायची, मी वर गेले तर खाली कोण बघणार? खरं कारण भीती होतं. नारळावर चढणारी वैशाली आणि गच्चीवर पापड वाळत घालतानाही कठड्याला हात लावून उभी राहणारी मी.

शनिवारी सकाळी नऊला आम्ही तिघं चार जणांच्या विमानात बसलो. साहेब पुढे, त्यांच्या शेजारी वैशाली, मागे मी. हवामानाचा आकडा आला होता, वर तासाला तीस मैलांचा पश्चिमेचा वारा. वैशालीने चिठ्ठी लिहून पाकीट माझ्याकडे दिलं. नानांनी माझा पट्टा आवळला आणि म्हणाले, "अक्का, डोया उघडा ठेवज्यात. बठ्ठं दिखी जाई."

डोळे मी पहिली पाच मिनिटं मिटूनच ठेवले होते. पट्टीच्या डोक्यावर आलो तेव्हा वेळ टिपायची म्हणून उघडावे लागले. आणि उघडले ते मिटेनात. खाली उन्हाने भाजलेली काळी रानं, मध्येच हिरवे तुकडे, महामार्गाची रेघ. पारोळा आला. किल्ला एवढासा, एखाद्या पोराने पाटावर मातीचा करून ठेवावा तसा. मी माझं माहेर शोधत होते तेवढ्यात ते मागे गेलंसुद्धा. जाताना वारा असा पाठीत होता की साहेब म्हणाले, "बघा, उडतोय आपण." एरंडोल गेलं, गिरणेचं कोरडं पात्र गेलं. तेविसाव्या मिनिटाला आम्ही जळगावच्या विमानतळाच्या डोक्यावर होतो. फलकाच्या सात मिनिटं आधी. साहेबांनी मान वळवून मला बघितलं, खूश दिसले. वैशाली खाली बघत होती.

मग आम्ही वळलो.

वळल्यावर विमान तेच, आवाज तोच, काटा शंभरवरच. पण जमीन हलेना. गिरणेचं पात्र संपेना. एरंडोल एवढं मोठं गाव आहे हे मला त्या दिवशी कळलं. वारा नाकावर बसलेला, विमान थडथडत होतं. पारोळा आला तेव्हा निघाल्यापासून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. या वेळी मला माझं माहेर सापडलं, त्याची गच्ची ओळखता आली, शेजारच्यांच्या दोरीवरचे कपडेही दिसले असं मला वाटलं.

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. फलकाप्रमाणे बारा मिनिटं उरली होती आणि धुळं अजून दिसतही नव्हतं. मी मागून त्यांचा उजवा हात बघत होते. तो हळूच सरकला आणि इंजिन वाढवायच्या दांड्यावर जाऊन बसला.

"साहेब," मी म्हटलं, "हात."

तो दुसऱ्याचाच असावा तसं त्यांनी हाताकडे बघितलं. तो तिथे गेल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. इतकी वर्षं उडवणारा माणूस, पैज लावलेली, मागे मी बसलेली, आणि तरी एका फळ्यावरच्या एका ओळीने त्यांचा हात तिथे नेला. मग वीस वर्षांच्या पोरांचं काय होत असेल?

त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला.

"वैशाली," ते म्हणाले, "तुझा हात कधी गेला नाही दांड्यावर?"

"गेला होता सर, पहिल्या वेळी," ती म्हणाली. "मी काढून घेतला. तुम्ही शंभर सांगितलं होतं."

साहेबांनी शंभरवरचा काटा एकदा तपासला. आम्ही पट्टीच्या डोक्यावर आलो तेव्हा सदुसष्ट मिनिटं झाली होती. उतरलो, थांबलो, पंखा थांबला. मी पाकीट फोडून चिठ्ठी वाचली. सहासष्ट.

"एक मिनिट कुठे गेलं?" साहेबांनी तिला विचारलं. आवाज परीक्षकाचाच.

"जळगाववर वळण्यात, सर. वळायला एक मिनिट लागतं, ते धरायचं राहिलं."

"पुढच्या वेळी धर," साहेब म्हणाले आणि दार उघडून उतरले.

वैशाली तशीच बसून राहिली. मग मागे वळून मला म्हणाली, "अक्का, सर 'पुढच्या वेळी' म्हणाले ना?"

ऑफिसात आल्यावर साहेबांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मी लाल पेन उचललं, पण लिहायला मन होईना, कारण माणूस भला होता. त्यांनीच पेन माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या नावापुढे स्वतः लिहिलं, उशीर, सात मिनिटं. मग खुर्चीवर चढून त्यांनी फलक खाली काढला. भिंतीवर त्याच्याएवढा पांढरा चौकोन राहिला.

ती दुपार मी जुनी रजिस्टरं काढून घालवली. माझ्या अक्षरातले लाल शेरे मीच वाचत होते. बहुतेक सगळे उन्हाळ्यातले. त्यातली बरीच मुलं पुन्हा फेरा करून निघून गेली होती. काही मात्र गेली ती गेलीच. त्यांतला पहूरचा एक मुलगा मला नीट आठवत होता, फार नीट उडवायचा. त्याचा नंबर शोधून मी फोन केला. आता त्याचं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. मी सगळं सांगितलं. पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं फोन तुटला.

"म्हणजे, अक्का, मी बरोबर होतो?" तो म्हणाला.

"हो रे बाबा. चुकले मी."

"मग हे माझ्या बायकोला सांगता का? ती म्हणते मला कुठलीच वेळ पाळता येत नाही." आणि तो हसला. मीही हसले. त्याच्या बायकोला मी खरंच सांगितलं. पण त्या हसण्याच्या आधीची शांतता माझ्याकडे राहिली आहे, ती कुणाला देता येत नाही.

सोमवारी वैशालीचे वडील आले, पण निरोप घ्यायला नव्हे. साहेबांनीच त्यांना बोलावून घेतलं होतं, मुलगी पहिल्यांदा एकटी जळगावला जाणार ते बघायला. ते केळीचा एक घड घेऊन आले होते आणि तो कुठे ठेवायचा ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी माझ्या टेबलावर, रेडिओच्या शेजारी ठेवला. वारा थोडा उतरला होता, पंचवीसचा. वैशालीने वळण्याचं मिनिट धरून वेळ लिहिली आणि चिठ्ठी साहेबांकडे दिली. मग ती विमानाकडे गेली, एकटीच, खाली न बघता.

निघाल्याची वेळ मी टिपली. मग आम्ही बसून राहिलो. वडील घडाकडे बघत होते, साहेब खिडकीबाहेर, नाना दारात पुसलेले हात पुन्हा पुसत. पंचवीस मिनिटांनी जळगावहून ती वळल्याचं कळलं. तिथून पुढची मिनिटं फार लांब होती. पाऊण तास झाला. एक तास झाला. वडिलांना कुणीतरी एक तासाचं बोलून ठेवलं असावं, त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"अजून आहे," मी म्हटलं. "वेळेत आहे ती."

एक तास तीन मिनिटं. एक तास चार.

मग रेडिओ खरखरला आणि तिचा आवाज आला, शांत, जरा खालच्या पट्टीत, की ती आमच्या डोक्यावर आहे. वडील उठून बाहेर धावले. साहेबांनी चिठ्ठी उघडून माझ्यापुढे ठेवली, तीत पासष्ट लिहिलं होतं, आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. मी रजिस्टर ओढलं. लागलेल्या वेळेच्या रकान्यात लिहिलं, एक तास पाच मिनिटं. आणि शेऱ्याच्या रकान्यात, निळ्या पेनने, सावकाश, जमेल तितक्या सुरेख अक्षरात लिहिलं, वेळेवर.